चार मिलिमीटरसाठी आमची टीम बाद, आणि क्लासच्या सरांनी बनवलेली गाडी पहिली. नियम नेमका कुणासाठी?

जिंतूरचा_मास्तर (रविवार, रात्री ९:४२)

राम राम मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचत होतो, आज लिहायची वेळ आली. मी जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर विज्ञान शिकवतो. काल आठवीची चार लेकरं घेऊन (दोन पोरी, दोन पोरं) एका जिल्ह्याच्या गावी रोबोटिक्सच्या स्पर्धेला गेलो होतो. प्रकार लाइन फॉलोअर, म्हणजे पांढऱ्या फ्लेक्सवर काळी पट्टी असते आणि गाडीनं तिच्यावरून आपली आपण पळायचं, रिमोट नाही काही नाही. सकाळची पहिली एसटी, गाडी बुटाच्या खोक्यात, खोकं एका पोरीच्या मांडीवर, आणि दर खड्ड्याला चारही जण एकदम खोकं धरायले.

तपासणीच्या टेबलावर पुठ्ठ्याचा एक चौकोनी खोका, २५ बाय २५ सेंटीमीटर. गाडी त्यात मावली पाहिजे. आमची मावली नाही. पुढची सेन्सरची पट्टी ४ मिलिमीटर बाहेर. मी म्हणलं दोन मिनिटं द्या, पिशवीत कानस आहे, घासून देतो. नाही म्हणले. नियम म्हणजे नियम, टीम बाद. ठीक आहे, मान्य, चूक आमचीच.

आता परतीची गाडी चारला, दिवसभर करायचं काय, म्हणून बसून बाकीची स्पर्धा बघितली. पहिली, दुसरी आणि चौथी आलेली टीम एकाच क्लासची. तिन्ही गाड्या डिट्टो, रंगसुद्धा एकच. दोन फेऱ्यांच्या मधी तिशीतला एक बाप्या माणूस लॅपटॉप लावून कोड टाकायला आणि ज्यांची गाडी ती लेकरं मागं बसून वेफर खायलीत. नियमपत्रिकेत ठळक अक्षरात छापलंय, रोबोट विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेला असावा. मी पंचाला कागदच दाखवला. ते म्हणले लेखी तक्रार द्या, ५०० रुपये फी, फेरी संपल्यापासून १० मिनिटांच्या आत. तोवर १० मिनिटं होऊन गेली होती आणि खिशात एसटीपुरतेच पैसे.

म्हणून विचारायलोय. फूटपट्टीनं मोजता येतो तेवढाच नियम पाळायचा असतो का, बाकीचे नुसते छापायला? तुमच्याकडं काय होतं?

लातूरी_बाणा (९:५५)

मास्तर वाईट वाटलं, पण २५ म्हणजे २५. आज चार सोडले की उद्या कोणी सहा घेऊन येतंय, परवा दहा. आणि दुसऱ्याची लबाडी दाखवून आपली गाडी आत घेता येत नाही, दोन्ही भानगडी वेगळ्या आहेत.

जिंतूरचा_मास्तर (१०:०१)

आत घ्या असं म्हणलोच नाही भाऊ. मान्य आहे असं लिहिलंय वर.

टवाळ_परभणीकर (१०:०४)

मास्तर तुम्ही स्पर्धा चुकीच्या जिल्ह्यात खेळलात. आमच्याकडं आला असता तर पंच म्हणला असता बनी तो बनी नहीं तो परभणी, घाला आत.

वाळूज_थर्डशिफ्ट (११:१८)

मी वाळूजला कंपनीत क्वालिटीत आहे, चौदा वर्षं गेजच (पार्टचं माप तपासायचे साचे) हातात आहेत, त्यामुळं माझं डोकं त्या खोक्यातच अडकलं. पुठ्ठ्याचा खोका म्हणजे गेज नव्हे. आमच्याकडं गो आणि नो-गो अशी जोडी असते, गो मधून पार्ट गेलाच पाहिजे, नो-गो मधून जाता कामा नये, आणि ते गेजसुद्धा ठराविक दिवसांनी कॅलिब्रेशनला, म्हणजे माप बरोबर आहे का ते तपासायला, पाठवावे लागतात कारण तेही झिजतात. इथं पुठ्ठा. तो दमट हवेत फुगतो, कोपरे दबतात, पन्नास गाड्या कोंबून काढल्या की भिंती आत झुकतात. सकाळी मावलेली गाडी दुपारी मावणार नाही. तो खोका आधी कोणी स्टीलच्या पट्टीनं मोजला होता का, हे विचारायचा तुमचा हक्क होता.

पण दुसरी एक गोष्ट सांगतो, रागावू नका. २५ अधिक ४ मिलिमीटर म्हणजे २५.४ सेंटीमीटर. हा आकडा ओळखीचा वाटतो का? १० इंच. बरोब्बर १० इंच. खोका बरोबर असेल तर तुमच्या इथं कोणीतरी टेपची इंचाची बाजू वापरलीय.

जिंतूरचा_मास्तर (११:४०)

हे वाचून बराच वेळ नुसता बसून होतो.

फळ्यावर मीच लिहिलं होतं, २५ सेमी म्हणजे साधारण १० इंच. लेकरांना अंदाज यावा म्हणून. सेन्सरची पट्टी कापणाऱ्या पोरीनं 'साधारण' सोडलं आणि १० इंच धरलं. टेप आमच्या गावच्या सुताराचा, त्याच्यावर मोठे आकडे इंचाचेच. कालपासून ती म्हणायलीय माझ्यामुळं गेलं. आता उद्या शाळेत तिला काय सांगू.

टवाळ_परभणीकर (११:४३)

सांगा की मास्तर बाद झाले, टीम नाही.

नांदेडची_आई (सोमवार, सकाळी ७:१०)

मी पलीकडच्या बाजूची आहे, म्हणून लिहिते. माझी मुलगी अशाच एका क्लासला जाते. आम्ही दोघं नोकरीवाले, घरी सोल्डरिंग कोण शिकवणार. क्लासमध्ये चेसिस (गाडीचा सांगाडा) देतात, कोडचा सांगाडा देतात आणि मुलं त्यात बदल करत शिकतात. यात चोरी कुठं आली? क्रिकेट खेळणाऱ्या पोरानं बॅट स्वतः तासली पाहिजे असं कोणी म्हणतं का? फी भरली म्हणजे लगेच लबाड, हे मला पटत नाही. इथं क्लास म्हणलं की सगळ्यांचं तोंड वाकडं होतं आणि बारावीला मात्र पोरं लातूरच्याच क्लासला पाठवायची असतात.

पण खरं ते पण सांगते. मागच्या वर्षी स्पर्धेच्या शेवटच्या आठवड्यात सरांनी गाडी मुलांच्या हातातून काढूनच घेतली. आता कुणी हात लावायचा नाही, सेटिंग बिघडेल. नंबर आला, ट्रॉफी मिळाली. लेक घरी येऊन विचारते, आई हे बक्षीस मला मिळालं का सरांना? काय उत्तर द्यावं कळेना. ट्रॉफीसोबत नावाची चिकटपट्टी दिली होती, ती अजून तिनं लावलेली नाही.

लातूरी_बाणा (७:३२)

ताई बॅटचं उदाहरण चुकलं. बॅट विकत आणली तरी चेंडू पोरानंच मारायचा असतो. इथं गाडी एकदा पट्टीवर सोडली की पोराचं काम संपतं. खेळ जो आहे तो गाडी बनवण्यातच आहे, तोच दुसऱ्यानं खेळला तर मग राहिलं काय. आणि क्लासबद्दल बोलाल तर लातूरचं नाव काढू नका, तिथं पेपर शेवटी पोरालाच लिहावा लागतो.

नांदेडची_आई (७:३८)

हो, हे बरोबर आहे. बॅट मागे घेते.

लाल_माती (८:०५)

आमच्याकडं जत्रेतल्या कुस्तीत ही बोंब फार जुनी. खांदा टेकला का नाही यावर अर्धं गाव इकडून अर्धं तिकडून, पंच मधी. आमचे आजोबा पंच असायचे, ते एकच करायचे, कुस्तीच्या आधी दोन्ही पैलवानांना जवळ बोलवून विचारायचे की काय केलं की कुस्ती गेली, तुमच्या तोंडानं सांगा. मग नंतर कोणी भांडला की म्हणायचे तूच सांगितलं होतंस की. आता मोबाइलवर शूटिंग असतं तर ते दाखवून भांडतात आणि दोन मोबाइलमधी दोन वेगळ्या कुस्त्या दिसतात.

पंचाची_शिट्टी (दुपारी १:२६)

लाल माती यांनी व्हिडिओचा विषय काढला म्हणून लिहितो. मी चार वर्षं अशा स्पर्धांना पंच म्हणून उभा राहिलोय, त्यामुळं मला शिव्या खायची सवय आहे.

अमेरिकेत १९८९ मध्ये डीन केमन यांनी फर्स्ट नावाची संस्था काढली, जगभरच्या शाळकरी पोरांच्या रोबोट स्पर्धा ती घेते. त्यांच्या मोठ्या पोरांच्या स्पर्धांमध्ये स्पष्ट नियम आहे, पंच कुणाच्या मोबाइलमधला व्हिडिओ बघणार नाही, फोटोही नाही. पहिल्यांदा ऐकल्यावर विचित्र वाटतं. पण विचार करा, ज्या टीमसोबत चार पालक आणि चार मोबाइल आलेत तिच्याकडं पुरावा असणार, आणि मास्तरांच्या टीमकडं एक बटणाचा फोन. दुसरा नियम असा की शंका विचारायची तर विद्यार्थ्यानंच ठरलेल्या चौकटीत येऊन उभं राहायचं आणि मुख्य पंचाला विचारायचं. पालक नाही, कोच नाही. आपल्याकडं उलटं, पोरगं मागं आणि बाप पंचाच्या अंगावर. लहान पोरांच्या लेगोच्या स्पर्धेत तर असं आहे की पंचाला नक्की दिसलं नाही, शंका राहिली, तर फायदा टीमला.

आता मास्तरांच्या मुद्द्याकडं. मोजता येतं तेच आम्ही तपासतो हे खरं आहे आणि त्यात आमचा आळस नसून भीती आहे. आकार मोजला, भांडण मिटलं. हे तुम्ही बनवलं नाही असं म्हणणं म्हणजे एका तेरा वर्षांच्या पोराला सगळ्यांसमोर खोटं ठरवणं, आणि त्याचा बाप शेजारीच उभा. म्हणून पंच ते कलम वाचून न वाचल्यासारखं करतो. मी पण केलंय.

मिनी सुमो मला म्हणूनच आवडतं. ५०० ग्रॅमची गाडी, १० बाय १० सेंटीमीटर, ७७ सेंटीमीटरचं गोल रिंगण, जो बाहेर ढकलला गेला तो हरला. तिथं चाकाला चिकट काही लावायला बंदी आहे, कारण चिकट चाक असेल तर समोरच्यानं कितीही ढकललं तरी गाडी जागची हलतच नाही. आता चिकट किती म्हणजे चिकट? तर गाडी एका साध्या ए४ कागदावर ठेवायची आणि उचलायची. कागद दोन सेकंदांपेक्षा जास्त लटकून राहिला तर गाडी बाद. यंत्र नको, वाद नको, कागद सगळ्यांना दिसतो. 'स्वतः बनवलं' या नियमासाठी असा कागद अजून कोणाला सापडला असेल तर सांगा.

टवाळ_परभणीकर (१:४०)

चिकट म्हणजे लग्नातल्या जिलबीच्या पाकासारखं का गावातल्या त्या एका पाहुण्यासारखं?

ओहम_शांती (२:१५)

धागा भरकटवतोय पण कुणी फ्लेक्सबद्दल बोललंच नाही. चकाकणारा फ्लेक्स असेल तर सेन्सरचा प्रकाश पांढऱ्यावरून तर परत येतोच, काळ्यावरून पण चमकून येतो. काही काळ्या शाईतून तर इन्फ्रारेड (सेन्सरचा डोळ्याला न दिसणारा प्रकाश) सरळ आरपार जातो, डोळ्याला काळंभोर आणि सेन्सरला पांढरं. त्यात मार्च महिना, मांडव कापडाचा, दुपारी दोनला ऊन फ्लेक्सवर. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, सेन्सर आंधळा होतो. सकाळच्या टीमला सावली आणि दुपारच्या टीमला ऊन, हे नियमात बसतं का? याची तक्रार कुणी करत नाही कारण यात चोर कोणी सापडत नाही.

आणि बॅटरी. भरलेल्या लिथियम सेलला ४.२ व्होल्ट असतात, उतरत उतरत ३.७ च्या खाली येतो. बहुतेक पोरं मोटर चालवायला ते लाल एल२९८ चं ड्रायव्हर बोर्ड वापरतात, ते स्वतःच दोनेक व्होल्ट खातं. सकाळी कोडमध्ये जमवलेले वळणाचे आकडे दुपारी चालत नाहीत, गाडी वळणावर सुस्त होते. ज्यांच्याकडं सहा बॅटऱ्या आणि चार्जर त्यांचं काही बिघडत नाही. पिटमध्ये, म्हणजे टीम बसतात तिथं, सगळ्यांना मिळून एक एक्स्टेन्शन बोर्ड असतो, आणि तो कुणाच्या मोबाइलला लागलेला असतो ते तुम्हीच बघा.

वाळूज_थर्डशिफ्ट (२:३०)

शाईचं माहीत नव्हतं. उपयोगी.

कुलूपबंद_लॅब (३:०२)

आमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे. सरकारकडून एका लॅबला २० लाखांपर्यंत मिळतात, सहावी ते बारावीच्या पोरांसाठी. थ्रीडी प्रिंटर आहे, किट आहेत, सगळं आहे, आणि कपाटाला कुलूप आहे. किल्ली ज्यांच्याकडं त्यांना निवडणुकीची ड्युटी. पाहुणे येणार असले की लॅब उघडते, पोरांना पांढरे कोट घालतात, फोटो होतो. मास्तर बुटाच्या खोक्यात गाडी नेतायत आणि आमची कपाटात पडून आहे, हे वाचून कसंतरी झालं.

गोदाकाठ (३:४५)

खरं बोलू का, हा विषय रोबोटचा नाहीच. दहावीच्या पेपराला खिडकीत चढून चिठ्ठ्या टाकणारे बाप आम्ही बघितलेत. नांदेडला कॉपीमुक्तीचा पॅटर्न आला तेव्हा पहिल्या वर्षी निकाल खाली आपटला आणि लोक प्रशासनावरच चिडले, पोरांच्या आयुष्याशी खेळताय म्हणून. लेकरासाठी केलं की पाप नसतं अशी समजूत आहे. चिठ्ठीच्या जागी लॅपटॉप आला एवढंच.

लातूरी_बाणा (४:१०)

+१. रडीचा डाव खडी, पण आता रडणारे पालक असतात.

जुना_रोबोकॉनवाला (संध्याकाळी ६:२०)

एवढं पण निराश होऊ नका. २००८ साली एबीयू रोबोकॉन पुण्यात झाली होती, आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांची रोबोट स्पर्धा. थीम काय होती माहितीये का, गोविंदा. दहीहंडी! जपानी, चिनी पोरं आपल्या हंडीतून लोणी काढायला यंत्रं बनवून आली होती. मी तेव्हा फर्स्ट इयरला, मित्रांसोबत पुण्याला बघायला गेलो, जनरलच्या डब्यात उभा राहून. तीन मिनिटांचा सामना आणि त्या तीन मिनिटांसाठी वर्षभर खपलेली पोरं. त्या वयात कोच आत नसतो, सगळं पोरंच करतात, कारण कोचला ते जमतच नाही :) शाळेच्या वयात मात्र कोचला सगळं जमतं, तिथंच घोळ.

शाळांच्या वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाडमध्ये यावर एक जुना तोडगा आहे. स्पर्धेच्या दिवशी सकाळी सरप्राइज रूल जाहीर होतो, आदल्या दिवसापर्यंत कोणालाच माहीत नसतो, आणि पोरांच्या जागेत कोचला प्रवेश नाही. पूर्वी तर गाडीचे सगळे भाग सुटे करून टेबलावर मांडायचे आणि तिथंच पुन्हा जोडायची, जोडणीचा नकाशा न बघता. सरांनी बनवलेली गाडी तिथं अर्ध्या तासात उघडी पडते.

पंचाची_शिट्टी (६:४४)

हा जवळजवळ तो कागद झाला. पण आपल्या एकदिवसीय स्पर्धेत साठ टीम आणि चार स्वयंसेवक, तेही इंजिनिअरिंगची सेकंड इयरची पोरं, ज्यांना जेवायला तीन वाजता थंड पुरी मिळते. प्रत्येक गाडी सुटी करून जोडायला वेळ कुठून आणायचा?

बाबांच्या_फोनवरून (७:३०)

नमस्कार मी नववीत आहे, हा माझ्या बाबांचा आयडी आहे त्यांना विचारूनच लिहितेय. मी एकदा सेमी फायनलला होते तिथे एका मॅडमनी आमच्या गाडीच्या सेन्सरची एक वायर हळूच काढली आणि म्हणाल्या आता चालवा. गाडी डावीकडेच जायला लागली. आम्हाला ३ मिनिटं दिली होती. मी सिरीयल मॉनिटर (लॅपटॉपवर सेन्सरचे आकडे दिसतात ती खिडकी) उघडून बघितलं तर एका सेन्सरचा आकडा बदलतच नव्हता मग वायर सापडली. शेजारच्या टीमला नाही सापडली, ते फक्त गाडी उचलून परत ठेवत होते. मॅडम काही बोलल्या नाहीत फक्त कागदावर लिहिलं. मला खूप भीती वाटली होती पण मजा आली.

पंचाची_शिट्टी (७:३४)

हाच. हाच तो ए४ कागद.

गोदाकाठ (७:५०)

बाळा शाब्बास. आणि यात एक चांगलं आहे जे मोठ्यांच्या लक्षात येणार नाही, या परीक्षेत बोलायचं नाहीये. मुलाखत घ्या म्हणणारे बरेच असतात, पण मुलाखत घेतली की शहरातलं पोरगं इंग्रजीत फाडफाड बोलतं आणि आमच्या खेड्यातलं लेकरू सगळं येत असून मान खाली घालून उभं राहतं. वायर काढली की इंग्रजीचा संबंधच नाही, हात चालला पाहिजे.

ओहम_शांती (८:१२)

मास्तर, एक विचारू का, राग मानू नका. तुमच्या गाडीचा कोड कोणी लिहिला?

लातूरी_बाणा (८:१५)

हे कशाला आता.

ओहम_शांती (८:१६)

सहज. मास्तरांनी धागा काढलाय 'स्वतः बनवलं' यावर.

टवाळ_परभणीकर (९:३०)

शांतता राखा, मास्तर पेपर तपासायलेत.

जिंतूरचा_मास्तर (मंगळवार, रात्री १०:०५)

काल बघितला होता प्रश्न. उत्तर लिहून दोनदा पुसलं.

सांगाडा नेटवरून घेतला, तो सगळेच घेतात. वळणावर गाडी किती झटक्यात वळवायची ते केपी आणि केडी असे दोन आकडे असतात (केपी म्हणजे पट्टीपासून सरकली तेवढं वळवणं, केडी म्हणजे मागच्या क्षणाशी ताडून डुलणं आवरणं), त्यावरच सगळी शर्यत. ते आकडे मी बसवले. तीन रात्री, घरी, फरशीवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून. लेकरांनी जोडणी केली, सोल्डर केलं (एकाचं बोट पण भाजलं), पट्टी कापली, पण आकडे माझे. का, तर शाळेत दुपारी लाइट जाते, बॅटऱ्या दोनच, आणि चार दिवस राहिले होते. म्हणलं एवढं आपण करून टाकू, पोरांना नंतर समजावून सांगू. ते नंतर काही आलं नाही.

त्यादिवशी खिशात ५०० रुपये असते तर मी तक्रार दिली असती. आणि समोरच्यांनी म्हणलं असतं तुमच्या पोरीला विचारा केडी वाढवला तर काय होतं. ती माझ्याकडं बघत राहिली असती. हे मला तेव्हा मांडवात सुचलं नव्हतं, आता सुचायलंय.

लातूरी_बाणा (१०:१२)

मानलं मास्तर. वर मी जरा ताठ बोललो.

नांदेडची_आई (१०:२०)

तरी पण दोन्ही सारखं नाही हो. पगाराच्या पलीकडं तीन रात्री जागणारा मास्तर आणि तीन टीमला एकच गाडी विकणारा क्लास एका तराजूत नका टाकू. आणि मी क्लासवाल्यांकडची असून म्हणतेय.

ओहम_शांती (१०:३१)

तराजू वेगळा, मान्य. पण पोरीच्या बाजूनं बघितलं तर दोन्हीकडं आकडा दुसऱ्यानंच बसवलेला. मास्तर तुम्हाला टोचायला नव्हतं विचारलं. माझ्या पोराच्या गाडीत मी पण तेच केलंय, दोनदा. म्हणूनच पहिल्यांदा मनात आलं.

जिंतूरचा_मास्तर (१०:३८)

नाही नाही, बरं केलं विचारलं.

पंचाची_शिट्टी (१०:५५)

मोठ्यांनी मदत करूच नये असं कुठंच नाही. व्हेक्स नावाच्या शाळांच्या दुसऱ्या रोबोट स्पर्धा आहेत, त्यांचं धोरण मला व्यवहारी वाटतं. शिकवा, पर्याय दाखवा, पण निर्णय आणि हात पोरांचा. त्यांच्याकडं चुकांचेही दोन भाग आहेत, ज्या चुकीनं सामन्याचा निकाल फिरला ती आणि ज्यानं नाही फिरला ती. निकाल न फिरवणाऱ्या चुकीला ताकीद देतात. आता सांगा, चार मिलिमीटरनं निकाल फिरला असता का? माझ्या मते सेन्सर ४ मिलिमीटर पुढं गेल्यानं काहीही झालं नसतं. मी असतो तर कानस घ्या म्हणलो असतो, पण दोन नाही, पाच मिनिटं, आणि घासायचं पोरीनं.

वाळूज_थर्डशिफ्ट (११:०२)

इथं मी लातूरवाल्यांच्या बाजूनं. तपासणी पहिल्या फेरीच्या आधी कितीही वेळा करा, दुरुस्तीला वेळ द्या, पण मावली नाही तर नाही. कंपनीत एकदा चालतंय म्हणून सोडला की तो पार्ट परत येतोच, आणि येतो तेव्हा रात्रपाळीच असते. दुरुस्तीला वेळ देणं वेगळं आणि नियम ढिला करणं वेगळं.

लातूरी_बाणा (११:०५)

बघा, कंपनीचा माणूस आहे.

लाल_माती (११:१०)

आजोबा असते तर म्हणले असते कानस पण द्या आणि पोरीच्या तोंडून आधी वदवून पण घ्या.

जिंतूरचा_मास्तर (बुधवार, रात्री ९:१५)

आज शाळेत पोरीला सांगितलं की फळ्यावरचं माझं चुकलं होतं. तिनं वहीत २५.४ लिहून घेतलं आणि विचारलं मग सर १० इंचातून किती घासायचं. मग चौघांना लॅपटॉप दिला आणि केडी शून्य करून गाडी सोडायला लावली. गाडी दारू प्यायल्यागत डुलायली, अख्खा वर्ग हसायला. एक पोरगं म्हणलं सर हे बिघडलंय, दुसरी म्हणली बिघडलं नाही, त्याला मागचं आठवत नाहीये. मी असं कधी सांगितलं नसतं. आकडे अजून बसले नाहीत, लाइट गेली.

स्पर्धा भरवणाऱ्यांना एक पत्र लिहितोय. क्लासचं नाव घेत नाही, कुणाचंच नाही. तीन गोष्टी मागतोय, तपासणी सकाळी आणि दुरुस्तीला वेळ, सेमी फायनलपासून वायर काढायची चाचणी, आणि तक्रारीची फी बंद. बघू काय म्हणतात.

टवाळ_परभणीकर (९:२१)

पत्र ए४ वर लिहा, दोन सेकंद धरून बघतील.

वाळूज_थर्डशिफ्ट (९:५०)

मास्तर, आमच्याकडं १० मिमी अॅक्रिलिकचे तुकडे भंगारात जातात, साहेबांना विचारून घेतले. आतून बरोबर २५० मिमीचा खोका बनवतो, सहाही बाजू व्हर्नियरनं तपासून. एक तुम्हाला आणि एक त्या स्पर्धावाल्यांना, पत्रासोबत द्या. शनिवारी एसटीच्या पार्सलनं टाकतो, जिंतूर स्टँडवर उतरवून घ्या. बाहेर काय छापू?

जिंतूरचा_मास्तर (९:५८)

काही छापू नका, नुसतं २५ सेंटीमीटर. आणि भाऊ, इंचाचा एक आकडा पण नको त्याच्यावर.